अंदमानला जायचे म्हणता? मग आधी पाण्याची पाळी पाहा



अंदमान हे नाव आपल्या वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला परके नाही. दर वर्षी मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास रेडिओवर आणि आता मोबाइलवर बातमी येते, की मान्सून अंदमानात दाखल झाला. त्या दिवसापासून आपण बोटे मोजू लागतो. साधारण एक जूनला केरळ, मग जूनच्या मध्याला विदर्भ. बियाणे आणायचे, वखरपाळी उरकायची, बांध नीट करायचे, ही सारी घाई त्या एका बातमीने सुरू होते. पण ज्या बेटांवर आपला पाऊस आधी उतरतो, ती बेटे आपल्यापैकी किती जणांनी पाहिली? तिवसा तालुक्यात फिरून विचारले तर बोटावर मोजण्याइतकेच लोक निघतील.

समुद्र मात्र पुष्कळांनी पाहिला आहे. रामेश्वर, द्वारका, जगन्नाथपुरी केलेली जुनी माणसे गावोगावी आहेत. पण ते पाहणे तीर्थाचे. "पाण्यात पाय टाकला, हात जोडले अन् गाडीत येऊन बसलो," असे ती सांगतात. चहूकडून पाणी असलेल्या बेटावर चार-सहा दिवस राहायचे, हा प्रकार निराळा आहे. अलीकडे ऊस गेल्यावर, बिल जमा झाल्यावर, "यंदा पोराबाळांना घेऊन अंदमानला जाऊन यावं म्हणतो" असे बोलणारे सभासद भेटू लागले आहेत. त्यांच्यासाठी हा लेख. हौस करावयाची तर माहिती घेऊन करावी. कारण खर्च मोठा, घर आठ दिवस उघडे, आणि समुद्राशी आपली ओळख नाही.

केव्हा जावे

प्रवासी कंपन्यांची पत्रके सांगतात, ऑक्टोबर ते मे हा हंगाम. त्यांचे बरोबर आहे, पण त्यांच्या घरी ऊस नाही. आपला गळीत हंगाम नेमका त्याच दिवसांत असतो. नोंदीप्रमाणे टोळी आज येईल की आठ दिवसांनी, हे मुकादमालाही धड सांगता येत नाही. टोळी फडात उतरली आणि मालक समुद्रावर, असे झाले तर तोडणी बुडख्यालगत झाली की नाही, वाढे कुणी नेले, गाडी कोणत्या दिवशी भरली, हे कोण पाहणार? तेव्हा आपला ऊस गेल्याशिवाय तिकीट काढू नये, हे पहिले.

ऊस गेला म्हणजे मोकळे झालो, असेही नाही. खोडव्याची पाचट सरीत दाबणे, बुडखे छाटणे, पहिले पाणी आणि खताचा पहिला हप्ता एवढे उरकूनच निघावे. पुढे उन्हाळ्यात आपल्या काळ्या जमिनीत आठ-दहा दिवसांनी पाण्याची पाळी येते. नागपूरहून निघून नागपुरात परत येईपर्यंत अंदमानला कमीत कमी आठ दिवस लागतात. म्हणजे एक पाळी देऊन त्याच रात्री निघावे आणि दुसऱ्या पाळीला हजर व्हावे, असा मेळ बसतो. पण अगदी काठोकाठ. त्यात विजेचे वेळापत्रक रात्रीचे असले तर मोटार चालू करायला भरवशाचा माणूस हवाच. ठिबकवाल्यांना पाळी नसली तरी रोजचा कॉक फिरवायला कुणीतरी लागतेच. भावाभावांत बोलणे असेल तर हे सोपे जाते. नसेल, तर सहलीच्या निमित्ताने सुरू करायला हरकत नाही.

मुलांच्या परीक्षा धरल्या तर आपल्याला सोयीचा काळ उरतो तो एप्रिलची अखेर आणि मेचा पहिला आठवडा. फेब्रुवारी ते एप्रिल तिथला समुद्र बहुधा शांत असतो. आपल्याकडे पारा बेचाळीसच्या वर असतो, तेव्हा तिथे तीस-बत्तीस. मात्र हवा दमट, अंगाला घाम चिकटून राहतो. मेच्या मध्यानंतर जाऊ नये. तिथे वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे आपल्या तिपटीहून जास्त, आणि तो सुरू झाला की बोटी बंद पडू लागतात. दिवाळीच्या सुट्टीत जाणारे पुष्कळ असतात. पण ऑक्टोबर ते डिसेंबर हे बंगालच्या उपसागरातल्या वादळांचे दिवस, हे त्यांनी ध्यानात ठेवावे. डिसेंबर २०१६ मध्ये अशाच वादळी हवेने हजाराहून अधिक प्रवासी बेटांवर अडकले आणि नौदलाला जहाजे पाठवून त्यांना आणावे लागले.

जायचे कसे

दोन वाटा आहेत. एक जहाजाची. चेन्नई, कोलकाता आणि विशाखापट्टणम येथून सरकारी प्रवासी जहाजे जातात. सुमारे तीन दिवस लागतात. जहाजाच्या तारखा ठरलेल्या नसतात, आणि तीन दिवस पोट ढवळण्याची ज्याची तयारी नाही त्याने या वाटेला जाऊ नये. शेतकऱ्याच्या आठ दिवसांत तर ते बसतच नाही.

दुसरी वाट विमानाची. चेन्नईहून किंवा कोलकात्याहून सव्वादोन-अडीच तासांत विमान बेटावर उतरते. तिवशाहून नागपूर शंभर-सव्वाशे किलोमीटर. नागपूरहून चेन्नईला रेल्वेने जावे, नाही तर बडनेऱ्याहून हावड्याची गाडी पकडून कोलकाता गाठावे आणि तिथून विमान घ्यावे, यात पैसे वाचतात. पण इथे एक गोम आहे. रेल्वे उशिरा पोचली आणि विमान सुटले, तर विमान कंपनी पैसे परत देत नाही. दोन्ही तिकिटे वेगळी असल्याने कुणीच जबाबदार नसतो. म्हणून आदल्या दिवशी पोचून एक रात्र त्या शहरात काढावी. नागपूरपासून सरळ एकाच तिकिटावर विमानाने गेले तर महाग पडते, पण मधले विमान चुकल्यास पुढे पाठवण्याची जबाबदारी कंपनीवर राहते. एप्रिल २०२५ पासून अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईचे विमान सुरू झाले आहे. अंदमानसाठी ते उलट्या दिशेचे, तरी हिशेब करून पाहावा.

तिकिटावरचे नाव आधार कार्डाप्रमाणेच असावे. आपल्याकडे एकाच माणसाचे सातबाऱ्यावर एक नाव, आधारवर दुसरे आणि गावात तिसरे असते. विमानतळावर ते चालत नाही. मूळ कार्ड सोबत हवे. मुलांचेही ओळखपत्र किंवा जन्मदाखला घ्यावा. भारतीय नागरिकाला नेहमीच्या प्रवासी बेटांसाठी वेगळा परवाना लागत नाही. निकोबारच्या बेटांना मात्र खास पास लागतो आणि तो सहलीसाठी सहसा मिळत नाही.

सामानाबद्दल दोन गोष्टी. पानसुपारीवाल्यांनी अडकित्ता हातातल्या पिशवीत ठेवू नये. तपासणीत काढून घेतात. काडेपेटी कुठेच नेता येत नाही. आणि सुके खोबरे नेऊ देत नाहीत, कारण त्यातल्या तेलाने ते पेट घेऊ शकते. येताना "तिकडचं खोबरं स्वस्त" म्हणून गोणी भरणाऱ्याची फजिती ठरलेली. चिवडा, शंकरपाळे, खारोड्या खुशाल न्याव्यात. तेलाचे लोणचे हातात न ठेवता मोठ्या बॅगेत घालावे. माळकरी मंडळींनी जेवणाची काळजी करू नये. वरणभात, इडली, डोसा सगळीकडे मिळतो. भाकर मिळणार नाही, एवढे मनाशी धरून चालावे.

काळे पाणी

विमान उतरते त्या गावाचे नाव आपण पोर्ट ब्लेअर असे शिकलो. सप्टेंबर २०२४ मध्ये ते श्री विजयपुरम् असे बदलण्याचे केंद्र सरकारने जाहीर केले. विमानतळाला वीर सावरकरांचे नाव आहे. त्याआधी, ३० डिसेंबर २०१८ रोजी, तीन बेटांची नावे बदलली: रॉसचे नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप, हॅवलॉकचे स्वराज द्वीप आणि नीलचे शहीद द्वीप. बरोबर पंचाहत्तर वर्षे आधी, ३० डिसेंबर १९४३ रोजी, जपान्यांच्या ताब्यातल्या पोर्ट ब्लेअरमध्ये नेताजींनी तिरंगा फडकावला होता. शहीद आणि स्वराज ही नावे त्यांनीच दिलेली. तिकिटावर जुने नाव दिसेल की नवे याचा नेम नाही, म्हणून दोन्ही लक्षात असू द्यावीत.

सत्तावन्नच्या उठावानंतर, १८५८ पासून, इंग्रजांनी इथे कैदी आणून टाकण्यास सुरुवात केली. सेल्युलर जेलचे बांधकाम १८९६ ते १९०६ असे दहा वर्षे चालले. मधोमध मनोरा आणि त्यापासून चाकाच्या आऱ्यांसारख्या निघालेल्या सात इमारती, प्रत्येक तिमजली. सगळ्या मिळून जवळजवळ सातशे कोठड्या, एकेकट्या माणसासाठी. एका इमारतीची दारे दुसरीच्या पाठीकडे तोंड करून आहेत, म्हणजे समोरासमोर माणूस दिसायलाच नको. आज त्यांतल्या तीनच इमारती उभ्या आहेत. ११ फेब्रुवारी १९७९ रोजी, मोरारजी देसाई पंतप्रधान असताना, ते राष्ट्रीय स्मारक झाले.

मार्गदर्शक इथे दहा-पंधरा मिनिटांत फिरवून बाहेर काढतात. तसे फिरू नये. आवारात तेलाचा घाणा ठेवला आहे, कोलू म्हणतात त्याला, तो आपल्या लोकांनी थांबून पाहावा. घाणा म्हणजे काय हे शहरी पाहुण्याला सांगावे लागते, आपल्याला नाही. गुऱ्हाळाला बैल जुंपून गोल फिरवलेले ज्यांनी पाहिले आहे, चरकाची लाट किती जड असते हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी हा विचार करावा: इथे त्या बैलाच्या जागी माणूस होता. दिवसाला तीस पौंड, म्हणजे साडेतेरा किलोच्या वर, खोबऱ्याचे तेल एका कैद्याने काढून द्यायचे. कमी भरले तर शिक्षा. आपण बैलालाही दुपारी सोडतो, चारा-पाणी दाखवतो.

विनायक दामोदर सावरकर ४ जुलै १९११ रोजी इथे आले आणि मे १९२१ पर्यंत होते. त्यांचे थोरले बंधू बाबाराव त्यांच्या आधीपासूनच याच तुरुंगात होते. तिसऱ्या मजल्यावरची त्यांची कोठडी दाखवतात. तिथे रांग असते. 'माझी जन्मठेप' हे पुस्तक जाण्याआधी वाचून गेलात तर भिंती जास्त बोलतील. पण एकाच कोठडीपाशी हात जोडून परत फिरू नये. इंदुभूषण रॉय यांनी १९१२ मध्ये याच छळाला कंटाळून जीव दिला. उल्हासकर दत्त यांचे डोके इथेच फिरले. १९३३ च्या उपोषणात नळीने जबरदस्तीने दूध घालताना महावीर सिंग गेले, आणि त्याच उपोषणात आणखी दोघे. नावांच्या पाट्या लावलेल्या आहेत. बंगाल आणि पंजाबची नावे सर्वांत जास्त. मुलांना त्या वाचायला लावाव्यात. संध्याकाळी ध्वनि-प्रकाशाचा कार्यक्रम असतो, त्याचे तिकीट आधी काढावे.

संध्याकाळ म्हणजे किती वाजता, तेही सांगतो. तिथले घड्याळ आपलेच, पण बेटे आपल्या पूर्वेला पंधराएक अंशांवर. त्यामुळे सूर्य आपल्यापेक्षा जवळजवळ एक तास आधी उगवतो आणि एक तास आधीच मावळतो. पहाटे पाचला लख्ख उजेड, आणि हिवाळ्यात संध्याकाळी पाच-सव्वापाचला अंधार. आपण शेतकरी माणसे पहाटे उठतोच. त्याचा इथे फायदा होतो. शहरातले प्रवासी नऊला उठून अर्धा दिवस घालवतात.

पाण्याची ओळख

स्वराज द्वीपाला बोटीने दीड-दोन तास लागतात, सरकारी बोटीला थोडे अधिक. पोट बिघडू नये म्हणून आदल्या रात्री हलके जेवावे, बोटीत मधल्या भागात बसावे, दूर क्षितिजाकडे नजर ठेवावी आणि डॉक्टरांना विचारून गोळी आधीच घ्यावी. उलटी सुरू झाल्यावर गोळीचा उपयोग नाही.

राधानगरचा किनारा पांढऱ्या वाळूचा, मागे उंच झाडांचे रान. पाहून आपली माणसे गप्प होतात. गप्प होतात ते ठीक, पण लगेच उड्या मारू नयेत. "आमाले पोहता येते ना भाऊ, लहानपणापासून विहिरीत उड्या मारून रायलो," असे सांगणारे आपल्याकडे गावागावात आहेत. विहिरीचे पाणी उभे असते. वर्धेचे पाणी एका दिशेने वाहते. कौंडण्यपूरच्या घाटावर कुठे भोवरा आहे हे काठच्या माणसाला ठाऊक असते. समुद्राचे तसे नाही. लाट किनाऱ्यावर येते, पण तेच पाणी खालून आणि मधल्या एखाद्या पट्ट्यातून जोराने परत आत जात असते. त्या ओढीत सापडलेला चांगला पोहणारा सरळ किनाऱ्याकडे यायची धडपड करतो आणि दमून बुडतो. त्या वेळी किनाऱ्याला समांतर, आडवे पोहावे. पट्टा अरुंद असतो, त्यातून बाहेर पडता येते. आणि सगळ्यांत बरे म्हणजे कमरेच्या वर पाण्यात जाऊ नये. बायकांनी नऊवारी किंवा पाचवारी नेसून लाटेत शिरू नये. ओली साडी पायात अडकते आणि माणूस उभा राहू शकत नाही. पंजाबी ड्रेस चांगला. घरात म्हातारी माणसे नाक मुरडतील, त्यांना कारण समजावून सांगावे.

मगरी आहेत. खाऱ्या पाण्यातल्या, मोठ्या. २०१० मध्ये याच स्वराज द्वीपाच्या किनाऱ्याजवळ एका परदेशी तरुणीला मगरीने मारले. पाट्या लावलेल्या जागी आणि खाडीच्या तोंडाशी पाण्यात उतरू नये, मग सोबतचा कितीही धीर देवो.

दुसरी गोष्ट बोटींची. २६ जानेवारी २०१४ रोजी पोर्ट ब्लेअरजवळ प्रवासी बोट बुडून २१ जण मेले. क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त माणसे भरली होती. उसाची ट्रॉली वाजवीपेक्षा जास्त भरली तर काय होते ते आपण दर हंगामात रस्त्यावर पाहतो. तेव्हा बोटीत जागा नसताना "या, या, बसा" म्हटले तर उतरावे, पैसे बुडाले तरी चालतील. लाइफ जॅकेट नुसते गळ्यात अडकवून बसतात. त्याचे पट्टे आवळलेले पाहिजेत, मुलांचे तर आपण स्वतः तपासावेत.

भरती-ओहोटी ही आपल्याला नवी. दिवसातून दोनदा पाणी चढते आणि उतरते, रोज सुमारे पन्नास मिनिटे पुढे सरकत. अमावास्येला आणि पौर्णिमेला चढउतार सर्वांत मोठा. म्हणजे भिंतीवरचे पंचांग इथेही कामाला येते. शहीद द्वीपावरचा दगडी नैसर्गिक पूल ओहोटीतच नीट पाहता येतो. काचेच्या तळाच्या बोटीतून पोवळी पाहायची असतील तर वेळ बोटवाल्याला आदल्या दिवशीच विचारावी. पोवळे म्हणजे दगड नव्हे, इवल्या जिवांचे ते घर आहे. त्यावर पाय देऊ नये आणि तुकडा खिशात घालू नये. वन्यजीव कायद्याने बंदी आहे आणि विमानतळावर बॅगेत सापडल्यास अडवतात. पाण्याखाली नळकांडे लावून बुडी मारण्याची हौस असेल, तर दमा, रक्तदाब, हृदयविकार असलेल्यांनी ती करू नये. बुडीनंतर निदान एक दिवस विमानात बसू नये, म्हणून हा कार्यक्रम शेवटच्या दिवशी कधीच ठेवू नये.

शहीद द्वीप मला स्वराज द्वीपापेक्षा आपल्या लोकांच्या जास्त जवळचे वाटते. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासित शेतकऱ्यांना सरकारने अंदमानात जमिनी दिल्या. इथल्या वस्त्यांची नावे सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर, रामनगर. भाजीपाला इथे पिकतो आणि बोटीने राजधानीला जातो. नारळ-सुपारीच्या सावलीत भाजीचे वाफे पाहावेत, बांधावरच्या माणसाशी दोन शब्द बोलावे. हिंदी सगळ्यांना येते. खत काय टाकता, बोट चुकली तर माल काय करता, हे विचारायला आपल्याइतका हक्काचा पाहुणा त्यांना क्वचितच मिळत असेल.

एका ठिकाणी मात्र जाऊ नये असे माझे मत आहे. बाराटांगच्या चुनखडीच्या गुहांची सहल पहाटे तीनला निघते आणि जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून गाड्यांच्या तांड्याने जाते. गुहा पाहणे हे निमित्त. पुष्कळ जण खिडकीला डोळे लावून बसतात ते माणसे दिसतात का म्हणून. फोटो काढणे, थांबणे, खायला फेकणे हे सारे गुन्हे आहेत. माणसे काही पाहायची वस्तू नव्हे. आणि म्हाताऱ्या माणसांचे त्या प्रवासात हालही फार होतात.

पैशाचा हिशेब

२०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने ठरवलेला उसाचा दर सव्वादहा टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये, म्हणजे टनाला ३५५०. त्यातून तोडणी-वाहतूक वजा जाते. चौघांच्या कुटुंबाची सहल म्हणजे किती टन ऊस, हा हिशेब प्रत्येकाने तिकिटे काढण्यापूर्वी कागदावर मांडावा. सोसायटीचे कर्ज भरून आणि पुढच्या खताची तरतूद करून जे उरेल त्यातूनच जावे. कर्ज काढून सहल करू नये, हे सांगायला नको, पण सांगतो.

सहल कंपनीकडून जायचे असेल तर बोटीची तिकिटे, प्रवेशशुल्क, जेवण आणि गाडी यांत काय काय धरले आहे ते लेखी घ्यावे. बेटावर मोबाइल चालतो. चेन्नईहून समुद्राखालून टाकलेली तार १० ऑगस्ट २०२० रोजी सुरू झाली. तरी लहान बेटांवर कधी कधी पैसे मोबाइलने जात नाहीत, म्हणून रोकड जवळ ठेवावी, आणि ती दोघांच्या खिशात वाटून.

मुक्काम असे लावावेत. पहिली रात्र राजधानीत, पुढच्या दोन स्वराज द्वीपावर, एक शहीद द्वीपावर, आणि परतीच्या विमानाआधी पूर्ण एक दिवस व एक रात्र पुन्हा राजधानीत. हा शेवटचा दिवस वाया जातो असे वाटून बरेच जण तो कापतात. हवा बिघडून बोट रद्द झाली तर हाच दिवस हाताशी असतो. बोट वेळेवर आली, तर त्या दिवशी नेताजी द्वीपावर जावे. इंग्रजांच्या पडक्या बंगल्यांना पिंपळ-वडांच्या मुळांनी कसे गिळले आहे ते दिसते, आणि हरणे हातातले खायला अगदी जवळ येतात. मात्र त्यांना बिस्किटे देऊ नयेत.